गाव कोणतं, बाबा?

अजूनही पहाटेच्या झोपेत मी पाण्याला जाते. डोक्यावर घागर असते, पायाखाली गार फुफाटा असतो, आणि पुढं कुणीतरी चालत असतं. पाठमोरं. नुसता पदर हलताना दिसतो. मी हाक मारत नाही. हाक मारली की जाग येते, हे मला आता कळून चुकलंय. म्हणून गपगुमान मागं मागं चालते. रामलिंगाच्या डोंगराकडून मोर ओरडतो, स्टेशनात कुणाचा तरी कंदील हलतो, आणि मी विहिरीपर्यंत पोचायच्या आत सून दार वाजवते, "आत्या, चहा झाला." मेला चहा!

निजामाचं राज्य होतं तेव्हाचं हे. येडशी माझं सासर. सरकारी कागद उर्दूत यायचा, त्याच्यावरचं भांडण मराठीत व्हायचं, आणि बार्शीकडून येणारी ती बुटकी रेल्वे कुठल्याच भाषेत वेळेवर यायची नाही. उन्हाळ्यात त्या गाडीतून उतरलेलं माणूस तहानेनं अर्धं झालेलं असायचं. वर हद्द ओलांडून आलं म्हणून करोडगिरीच्या जकातवाल्यांना गाठोडं सोडून दाखवायचं, पुन्हा बांधायचं, आणि मग पुढं कोसकोस चालत सुटायचं. स्टेशनातून गावाकडं वळताना एक थोराड कडुनिंब होता. त्याच्याखाली आक्कानं पाणपोई घातली होती.

आक्का आमच्या गल्लीतली. वयानं माझ्या सासूएवढी, अंगानं काडी, आणि बोलणं मोजून मापून. तिचा तरणा लेक उन्हाळ्यातच तापानं गेला. जाताना पाणी, पाणी करत होता, आणि वैद्यानं पाणी देऊ नका म्हणून सांगितलेलं. तिनं ऐकलं. त्यानंतर दर पाडव्याला ती रांजण मांडायची आणि मृग निघाला की उचलायची. दोन रांजण. एकातलं आमच्यातले लोक प्यायचे, दुसऱ्यातलं मुसलमान. विहीर मात्र एकच, दोरही एकच! वाळ्याची जुडी दोन्हींत सारखीच टाकलेली. आक्काचा दंडक असा की जात विचारायची नाही. पण विचारावी कशाला लागते? लोक आपणहूनच लांब बसायचे, ओंजळ पुढं करायचे, आणि आक्का वरून धार धरायची. तेव्हा कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मलाही नाही. आज त्या लांब बसलेल्या ओंजळी डोळ्यापुढं आल्या की हातातला घास हातात राहतो.

जात विचारायची नाही, नाव विचारायचं नाही. पण पहिला तांब्या पोटात गेला की गाव विचारायचं. "गाव कोणतं, बाबा?" एवढंच. आक्का म्हणायची, नुसतं पाणी जनावरालाही पाजतात, माणसाला गाव विचारावं. आणि खरंच, गाव विचारलं की दमलेलं माणूस खुलायचं. पाऊस कधी झाला, यात्रा कशी झाली, कोण मेलं, कुणाच्या म्हशीला काय झालं, सगळं पाण्याबरोबर बाहेर पडायचं.

त्या पाणपोईवर आम्ही चौघी होतो. गावाला वाटायचं, बाया पुण्य जोडतात. पुण्य! आक्काचं सोडा, तिचं दुःखच तेवढं होतं. बाकीच्यांचं ऐका. दुसरी खाला, शिवणकाम करणाऱ्या दर्ज्याची बायको. रुंद अंगाची, पान खाऊन लाल तोंडाची, दख्खनी आणि मराठी एकाच वाक्यात घुसळणारी. तिला एकदा मी विचारलं, तुम्ही कशाला येता हो? तर म्हणाली, "अगे, पुण्य तुमकू ठेवा. मेरेकू गाडी बघायची हाय! घरात मशीनची खडखड आनि दर्ज्याची बडबड. हितं गाडी येती, जाती, आपन हात हलवायचा." आणि खरंच हलवायची. गाडीतले लोक गोंधळून उलट हात हलवायचे. ती दिवसभर त्याच खुशीत असायची.

तिसरी मी. माझं काय लपवायचं? मला तोंड लई. माहेरी बोलून बोलून वाढलेली, सासरी आले तर सासऱ्यांपुढं बोलायचं नाही, थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही, सासूपुढं बोलायचं ते हळू. दिवस मावळेपर्यंत बोलणं नुसतं घशात साठायचं. विहीर ते कडुनिंब या वाटेवर मी ते सगळं ओतायचे. घागर डोक्यावर, मान ताठ, आणि जीभ मोकळी. मला तर घागरीचं वजनच जाणवायचं नाही.

आणि चौथी धाकली. वयानं आमच्यात लहान म्हणून धाकली. एवढीशी हनुवटी, मोठे डोळे, आणि चालताना पायातली जोडवी वाजू नयेत अशी चालायची. पहाटेच्या अंधुकात ती पुढं असली की वाटायचं घागरच आपली आपण तरंगत चाललीय. झोपेत दिसतं ते पाठमोरं माणूस तीच असावी. तिचं माहेर लांब, लोहाऱ्याला. आणि ते माहेर तिला तुटलेलं होतं. का? तर लग्नातल्या आहेरात तिच्या सासऱ्याला दिलेला फेटा आधी कुणीतरी बांधलेला निघाला. घडीवर घामाचा डाग. झालं! भर मांडवात बोलाचाली, आणि सासऱ्यानं शपथ घातली की त्या घरचं माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही आणि सून तिकडं जायची नाही. एका फेट्यापायी पोरीला आई पारखी झाली. मला तर वाटायचं, तो फेटा आणून म्हाताऱ्याच्या तोंडात कोंबावा.

आई तेवढी होती तिला. बाप नाही, भाऊ नाही, एकटी आई. जगते कशी, खाते काय, कळायला मार्ग नाही. सासू तिला कुठंच पाठवायची नाही. पाणपोईला तेवढं पाठवायची, कारण आक्कानं दारात येऊन मागितलं होतं, आणि तहानलेल्याच्या पाण्याला नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही. म्हणून धाकली यायची, आणि प्रत्येकाला गाव विचारायची. आम्ही रीत म्हणून विचारायचो. ती श्वास धरून विचारायची.

लोहाऱ्याकडचं माणूस या बाजूला कितीसं येणार? पण एक कासार यायचा. बार्शीहून बांगड्यांचा माल न्यायचा आणि इथं उतरून गाडीवाटेनं लोहाऱ्याला परतायचा. बांगड्या भरणारा माणूस, घरोघरच्या बायकांत बसणारा. त्याला सगळं ठाऊक. तो यायचा तेव्हा धाकली तांब्यावर तांब्या ओतायची, आणि तो पीत पीत सांगायचा, "बरी हाय म्हातारी. शेळी व्याली तिची. दोन पाटी झाल्या." त्या दोन करडांवर ती पोर महिनाभर जगायची. वाटेनं जाताना हळूच म्हणायची, "वैनी, आता मोठ्या झाल्या असतील न्हाय त्या?" मी म्हणायचे, "आता गाभण बी ऱ्हातील की गं!" मग ती हसायची. तिचं सारं माहेर त्या एका प्रश्नावर टिकून होतं, हे आम्हा तिघींना ठाऊक होतं. गावात दुसऱ्या कुणाला नाही.

चैत्र असा चालला होता. मग अडत दुकानाच्या शेटजींना आमची दया आली.

माणूस भला, हे आधीच सांगते. वाईट माणसाशी भांडता येतं हो, भल्या माणसाचं काय करायचं? त्यांनी पाहिलं, बाया उन्हातान्हात घागरी वाहतात. त्यांचा जीव कळवळला. त्यांनी बैलगाडीवर मोठं लोखंडी पिंप बसवलं, त्याला पितळी तोटी लावली, आणि एक गडी ठेवला. गडी पहाटे विहिरीवर पिंप भरून आणायचा, कडुनिंबाखाली गाडी सोडायचा, आणि येईल त्याला तोटी सोडून द्यायचा. शेटजी आक्काला हात जोडून म्हणाले, "आता तुमी आराम करा. लई केलं तुमी." गावानं वाहवा केली. आम्हीही केली. माझी मान आठ दिवस मोकळी वाटली, खोटं कशाला बोलू?

आक्का दोन दिवस जाऊन बसली. गडी म्हणाला, बसा की. पण नुसतं बसायला ती कुठं आली होती? तिसऱ्या दिवशी गेली नाही. खाला म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघे तर आधीपासून दुखत होते. मी कामात आहे म्हणाले. कष्टाला कंटाळून माणसं सोडून जातात म्हणतात. आम्ही कष्ट संपले म्हणून गेलो. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही तिथं माणूस कितीसं थांबणार? आणि गड्याला गाव विचारायचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला सांगितलं होतं तोटी सोड, तो तोटी सोडायचा.

धाकली तेवढी रिकामी घागर घेऊन गेली होती म्हणे. गड्यानं परत पाठवली, "जा बाई घरला, पानी हाय." सासू म्हणाली, पाणी आहे तर तू कशाला? बरोबरच होतं तिचं. पोरीचं दार बंद झालं. मी एकदा त्यांच्या परसाकडून गेले तर भिंतीपलीकडं ती भांडी घासत होती. म्हणाली, "वैनी, कासार आला आसंल का वो?"   

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतं ते ऊन. पांढरं, सगळं पुसून टाकणारं. दुपारी गाव असं पडलेलं असायचं की आपण जागे आहोत का झोपेत, कळायचं नाही. अशाच एका दुपारी थोरल्या दिराच्या पोराला गोवर निघाला म्हणून सासूबाईंनी मला कडुनिंबाचे डहाळे आणायला धाडलं. मी कडुनिंबाशी पोचले. गडी भाकर खायला गावात गेलेला. आणि खोडाला टेकून एक म्हातारी बसलेली. पाय सुजलेले, ओठ वाळून पांढरे. समोर तोटी, आणि म्हातारी पीत नव्हती.

"आज्जी, पानी हाय की, प्या. मी सोडू का तोटी?"

"नगं मला तोटीचं," म्हातारी म्हणाली. "हितं एक पोरगी गाव इचारती म्हनं समद्यास्नी. ती कुठं गेली?"

माझ्या हातातला कोयता तिथंच राहिला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"आमच्या गावचा कासार. दर खेपंला सांगायचा, बरी हाय, इचारती तुमाला. मागल्या खेपंला आला न् म्हनला, ती पोरगी न्हाय आता तितं. म्या म्हनलं, मेली का? तर त्यो गप बसला." म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू, धड दिसतही नसावं. "दोन शेळ्या इकल्या न् आले. जित्ती हाय का तेवडं सांग. मी काय तिच्या घरला जात न्हाय. शपथ हाय, ठावं हाय मला."

मला रडू फुटलं. भर उन्हात, कोयत्यासकट. विचारणारी होती तोवर आई घरी निवांत होती. विचारणं थांबलं आणि ती उठून आली.

"जित्ती हाय," मी म्हटलं. "हितंच बसा. हलू नका!" आणि धावत सुटले.

आक्का डाळ निवडत होती. तिला सांगितलं. ती उठली, पदर घेतला, आणि दारात थबकली. "धाकलीच्या सासूला काय सांगनार? पानी न्हाय म्हनू? पिंप भरल्यालं हाय. मी लबाड बोलनार न्हाय. पानपोईच्या नावावर तर न्हायच."

हात जोडावेत अशी बाई! बाहेर म्हातारी जीव टाकतीय आणि हिला खरं बोलायचंय. मी डोक्याला हात लावला. तेवढ्यात खाला आली, शेजारूनच ऐकत होती. तिनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "हौ, बराबर बोलती आक्का. लबाडी नक्को. चल गे, खरं करू."

आणि ती बाई दुखऱ्या गुडघ्यांनी अशी चालली की मला गाठता येईना. पिंपाच्या बुडाशी लाकडी बूच होतं. खालानं ते दोन्ही हातांनी धरलं, बिस्मिल्ला म्हणाली, आणि उपसलं. भसाभस पाणी. कडुनिंबाची चैन झाली, चिमण्या उतरल्या, म्हातारी हबकून पाय वर घेऊन बसली. खाला तिला म्हणाली, "घबराव मत आज्जी, तुमचंच काम चाललंय."

मग आक्का धाकलीच्या दारात उभी राहिली, ताठ मानेनं. "पानपोईवर थेंब न्हाय. म्हातारं मानूस तहानलेलं बसलंय. सुनंला घागर घेऊन धाडा."

सासू ओसरीवर होती. उंच, काळी, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. हसताना ती कुणाला दिसली नव्हती. "शेटजीची गाडी हाय की."

"गाडी रिकामी हाय."

सासूनं आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझं तोंड रडून सुजलेलं. तिला कसला तरी वास लागला असणार. "मी बी येते," ती म्हणाली आणि चप्पल घातली.

झाली का पंचाईत! धाकलीच्या कानात एक शब्द घालायची सोय उरली नाही. विहिरीवर चौघींनी घागरी भरल्या, सासू काठावर उभी.   पुढं धाकली, तिचा पदर हलतोय, मागं आम्ही, आणि सगळ्यांत मागं सासूची चप्पल फटफट करत. ती वाट संपूच नये असं मला वाटत होतं, आणि लवकर संपावी असंही.

कडुनिंबाखाली धाकलीनं घागर उतरवली. ऊन वरचं, तिचा पदर डोळ्यांवर ओढलेला, नजर तांब्यात. म्हातारीनं मान खाली घालून ओंजळ पुढं केली. धार सुरू झाली. म्हातारी प्याली. घटाघट, थांबून, पुन्हा. आणि धाकलीनं रीतीप्रमाणं विचारलं, सवयीनं, श्वास धरून.

"गाव कोणतं, आई?"

"लोहारा," म्हातारी म्हणाली.

धार थांबली. धाकलीनं पदर वर सारला. बघितलं. तांब्या हातातून पडला नाही, किंकाळी फुटली नाही, काही झालं नाही.  मागं सासू उभी आहे हे तिला ठाऊक होतं. म्हातारीनं आवाज ओळखला होता, तीही जागची हलली नाही. 

मग धाकली बोलली. परक्या माणसाशी बोलावं तसं.

"तितं येक म्हातारी ऱ्हाती. येकटी. शेळ्या हायत्या तिच्या. बरी हाय का वो ती?"

"बरी हाय," आई म्हणाली. "तिची लेक हितं दिलीया म्हनं. बरी हाय का, येवडंच इचारत हुती."

"बरी हाय म्हनावं."

"सांगते."

आक्कानं तोंड फिरवलं. खाला ढसाढसा रडत होती, तिला कसली लाज! मी सासूकडं बघत होते. म्हटलं, आता ही काय करते. एक शब्द वाकडा काढला तर मी हिच्या झिंज्या धरणार, मग घरच्यांनी मला हाकललं तरी बेहत्तर.

सासू पुढं आली. सुनेच्या बाजूला उभी राहिली. म्हातारीच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. लग्नाच्या मांडवात बघितलेलं तोंड, ओळखलं नसेल असं कसं म्हणू? 

"धार का थांबली गं?" ती सुनेला म्हणाली. "पाज की. लांबनं आल्यालं मानूस हाय." आणि थोड्या वेळानं, दुसरीकडंच बघत, "हितं कुनाचा उंबरा न्हाय. दिस मावळंस्तवर बसलं तरी चालतंय."

असं म्हणून ती गेली. मागं वळूनही बघितलं नाही. त्या दोघी संध्याकाळपर्यंत खोडाला टेकून बसल्या. काय बोलल्या मला ठाऊक नाही, आम्ही लांब बसलो. गडी भाकर खाऊन आला तर त्याला खालानं बूच हातात दिलं आणि म्हणाली, "शेटजीकू सलाम बोल. उद्यासनं पानी आमीच आनतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर गेलो तर काठावर कुणीतरी आधीच उभं होतं. अंधुकात आधी कळेना. मग आडवं कुंकू दिसलं. धाकलीची सासू, बाजूला पितळी घागर.   तिचं माहेर भूमकडं कुठंतरी होतं असं मागनं कळलं. पाळण्यातनं उतरल्यासारखी लहान असताना लग्न होऊन आलेली. त्यानंतर ती माहेराला गेली का, तिथं कोण उरलंय का, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

सकाळची गाडी आली. खालानं हात हलवला. गाठोडं खांद्यावर घेतलेला एक माणूस कडुनिंबाखाली येऊन टेकला, तर धाकलीच्या आधी सासूच तांब्या घेऊन पुढं झाली. त्याला पोटभर पाजलं. मग घसा खाकरून, आमच्याकडं न बघता, तिनं विचारलं, "गाव कोणतं, बाबा?"

त्यानं सांगितलं. तिचं नव्हतं. तिनं तांब्या पुन्हा भरून घेतला आणि स्टेशनाकडनं येणाऱ्या पुढच्या माणसाकडं बघत उभी राहिली.